कडी आतल्या बाजूला हवी

शहराने बेघरांच्या डोक्यावर छप्पर द्यावे की नाही, हा प्रश्न अहिल्यानगर जिल्ह्यापुढे एप्रिल २०२५ मध्ये फार कठोर रूपात आला. शिर्डीत भिक्षेकऱ्यांविरुद्ध मोहीम झाली आणि सुमारे पन्नास जणांना ताब्यात घेण्यात आले. त्यांची रवानगी श्रीगोंदा तालुक्यातल्या विसापूरच्या भिक्षेकरी गृहात झाली. त्यांतल्या काहींची प्रकृती बिघडली, त्यांना नगरच्या जिल्हा रुग्णालयात हलवले आणि त्यांपैकी चौघांचा मृत्यू झाला. बातम्या काही दिवस चालल्या, मग थांबल्या. प्रश्न मात्र जागेवरच आहे.

नगरच्या घराघरांत या प्रश्नावर दोन बाजूंनी बोलले जाते आणि दोन्ही बाजूंना काही खरे म्हणायचे असते. त्या बाजू नीट समोरासमोर याव्यात म्हणून इथे दोन माणसे कल्पिली आहेत. एक मामा : कापड बाजारात दुकान, घरपट्टी वेळेवर भरणारे. दुसरी त्यांची भाची : सी.एस.आर.डी.मध्ये समाजकार्य शिकलेली.

मामा : पोरी, तुझं मन चांगलं आहे, पण हिशोब कच्चा आहे. सकाळी दुकान उघडायला जातो तेव्हा ओट्यावर कोणी ना कोणी झोपलेलं असतं. त्याला उठवायचं, मग ओटा धुवून काढायचा. मी कोणाला हिडीसफिडीस करत नाही, चहासुद्धा पाजतो. पण महापालिकेनं त्याला घर द्यावं, आणि तेही माझ्या घरपट्टीतून, हे मला पटत नाही. सावेडीतल्या फ्लॅटचे हप्ते फेडता फेडता माझी उमेद गेली. मला कोणी दिलं फुकट?

भाची : मामा, तुमचा राग मला खोटा वाटत नाही. पण आधी हे ठरवू, की ओट्यावर झोपतो तो माणूस कोण. तुम्ही त्याला कधी विचारलंय?

मामा : विचारायचं काय? काही दारुडे, काही भिकारी, काही डोक्यानं अधू.

भाची : तसे असतातच. पण मार्केट यार्डात हमाली करणारा असतो. लग्नसराईत केटरिंगच्या कामाला आलेला पोरगा असतो, रात्री दोनला भांडी घासून झाल्यावर त्याला जायला जागा नसते. भंगार गोळा करणारी बाई असते. मुलांनी घराबाहेर काढलेली म्हातारी असते. खेड्यातून पेशंट घेऊन आलेला आणि लॉज परवडत नाही म्हणून रुग्णालयाच्या आवारात पथारी टाकणारा बाप असतो. हे सगळे एकाच ओट्यावर झोपतात, म्हणून आपल्याला एकसारखे दिसतात.

मामा : बरं, मान्य. पण किती असतील असे? पाच-पन्नास माणसांसाठी एवढा खटाटोप?

भाची : जनगणनेत बेघरांची मोजणी एका रात्रीत करतात. मागची झाली २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री. देशभरात १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले, महाराष्ट्रात दोन लाखांच्या वर. एका रात्रीत, टॉर्च घेऊन, पुलाखाली आणि फलाटावर मोजलेला हा आकडा. जो त्या रात्री दिसला नाही, तो मोजलाच गेला नाही. म्हणून खरा आकडा याहून मोठा धरायला हवा.

मामा : म्हणजे आधी मोजायला हवं, हे तूच म्हणतेस.

भाची : हो. नगरमध्ये पहिलं काम तेच.

मामा : आता माझं खरं म्हणणं ऐक. तुम्ही फुकट द्यायला लागलात की माणसं गोळा होतात. शिर्डीचंच घे. प्रसादालयात मोफत जेवण आहे. जानेवारी २०२५ मध्ये माजी खासदार सुजय विखे जाहीरपणे म्हणाले, की मोफत जेवणामुळे भिकारी गोळा होतात. २५ रुपये घ्या आणि तो पैसा मुलांच्या शिक्षणाला लावा. लोकांनी टीका केली, पण गावातल्या माणसाच्या मनातलंच ते बोलले. उद्या नगरमध्ये निवारा काढला, की बीड, सोलापूर, सगळीकडून लोक येतील.

भाची : शिर्डीला माणूस जेवणासाठी येतो की तिथं वर्षभर लाखो भाविक येतात म्हणून येतो? गर्दी असते तिथं फुलं विकायला, ओझी उचलायला, हात पसरायला माणसं जमतातच. ताट काढून घेतलं तर माणूस गावाला परत जात नाही, उपाशी तिथंच राहतो. आणि मामा, ज्यांच्यासाठी ती गर्दी होते, ते साईबाबा स्वतः कुठं राहायचे? पडक्या मशिदीत. जेवायचे कसे? पाच घरांतून भिक्षा मागून. गावानं त्यांना सामावून घेतलं. आज तसाच एक माणूस शिर्डीत आला, तर कायद्यानं त्याला उचलता येईल.

मामा : साईबाबांची तुलना दारूच्या गुत्त्यापुढे पडलेल्याशी करू नकोस.

भाची : तुलना माणसांची नाही, कायद्याची करतेय. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा १९५९ चा आहे. त्यात भीक मागणाऱ्याच्या व्याख्येत उदरनिर्वाहाचं साधन दिसत नसताना सार्वजनिक ठिकाणी फिरणारा माणूसही येतो. म्हणजे हात पसरला नाही, नुसता गरीब दिसला तरी पुरे. पहिल्यांदा दोषी ठरला तर एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात. पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. दिल्ली उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. कायदा जन्मला आपल्याकडे, आणि इथं तो अजून वापरला जातोय.

मामा : पण त्याच कायद्यानं सरकार निवारा देतंच की! विसापूरला छप्पर आहे, जेवण आहे. तू मागतेस तेच ना हे?

भाची : नाही. ज्या खोलीची कडी बाहेरून लागते, तिला मी निवारा म्हणणार नाही. विसापूरला जो नेला जातो त्याला सकाळी उठून कामाला जाता येत नाही. संध्याकाळी परत यायचं की नाही, हे त्याला ठरवता येत नाही. कोणताही गुन्हा न करता तो कैद्यासारखा राहतो. आणि तिथल्या कामाचा मोबदला किती होता? महिन्याला पाच रुपये. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं तो दिवसाला चाळीस रुपये करायचं ठरवलं. तोवर पाच रुपये महिना! निवाऱ्याची कडी आतल्या बाजूला हवी, मामा. माणूस स्वतःच्या पायांनी आत येईल, आतून कडी लावून निर्धास्त झोपेल आणि सकाळी दार उघडून कामावर जाईल.

मामा : त्या चौघांचं वाईट झालं, मी नाही म्हणत नाही. पण त्यांतले काही आधीच आजारी असतील, व्यसनानं खंगलेले असतील. त्याचा दोष सगळा यंत्रणेवर कसा टाकतेस?

भाची : दोष ठरवणं माझं काम नाही. मी एवढंच म्हणते, की माणूस आधीच आजारी असेल तर त्याला पहिल्यांदा डॉक्टर भेटायला हवा की पोलिसांची गाडी? सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये हेच सांगितलं. दिल्लीच्या लामपूर भिक्षेकरी गृहात २००० साली दूषित पाण्यानं माणसं दगावली होती, त्या प्रकरणात. भिक्षेकरी गृह हे तुरुंगासारखं चालवायचं ठिकाण नाही, दाखल झालेल्या प्रत्येकाची चोवीस तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, असे निर्देश न्यायालयानं दिले. पंचवीस वर्षं लागली एवढं लिहून यायला.

मामा : बघ, इथंच तू माझ्या बाजूला आलीस. सरकार चालवतं तेव्हा असंच होतं! आपल्याच जिल्ह्यात दुसरं उदाहरण बघ. डॉक्टर राजेंद्र धामणे आणि डॉक्टर सुचेता धामणे. रस्त्यावर घाण खाणारी एक मनोरुग्ण बाई पाहून ते हादरले. मग रोज घरून डबे नेऊन रस्त्यावरच्या माणसांना जेवू घालायला लागले. शिंगवे नाईकला माउली सेवा प्रतिष्ठानचं घर उभं राहिलं. ज्या बायकांना आपण बघून तोंड फिरवतो, त्यांना हे दोघं न्हाऊ-माखू घालतात. गिरीश कुलकर्णींनी १९८९ मध्ये स्नेहालय ही संस्था सुरू केली, आज ती केवढी मोठी झाली. एका बाजूला विसापूर, दुसऱ्या बाजूला माउली. सेवा ही माणसाच्या आतून येते. ती महापालिकेच्या टेंडरमधून येत नाही.

भाची : या मुद्द्यापुढे मी खरंच थांबते, कारण तुम्ही म्हणता त्यात फार मोठं सत्य आहे. माउलीत जी माया आहे ती शासन निर्णयानं निर्माण होणार नाही. पण याच गोष्टीची दुसरी बाजू बघा. तिथं आलेल्या अनेक बायका रस्त्यावर असताना अत्याचार सोसून आल्या. काही गरोदर होत्या, त्यांची बाळं तिथंच जन्मली. म्हणजे ती बाई माउलीच्या दारात पोचेपर्यंत किती रात्री गेल्या? त्या रात्रींची जबाबदारी कोणाची? दोन डॉक्टरांनी आयुष्य वाहिलं म्हणून साऱ्या जिल्ह्याचं कर्तव्य फिटलं, असं कसं म्हणता येईल? त्यांच्या कामाचं कौतुक करायचं आणि आपली जबाबदारी त्यांच्याच खांद्यावर टाकून मोकळं व्हायचं, हा त्यांच्यावरही अन्यायच आहे.

मामा : मग काय, जे ते सरकारनंच करायचं?

भाची : जागा, पैसा आणि जबाबदारी महापालिकेची. चालवणं चांगल्या संस्थेकडे. कायदाही हेच मागतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे. मनोरुग्ण माणूस रस्त्यावर भटकताना दिसला तर त्याला संरक्षण देणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे आणि बेघर असेल तर त्याचे उपचार विनामूल्य करायचे आहेत. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांना सामावणारा वृद्धाश्रम असावा, असं त्यात लिहिलंय. म्हातारीला रस्त्यावर टाकून जाणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कागद भरलेले आहेत, मामा. दार नाही.

मामा : आणि धडधाकट माणूस? म्हातारी, मनोरुग्ण, लेकुरवाळी यांच्याबद्दल माझा वाद नाही. पण हातपाय धड असलेल्यानं स्वतःचं बघावं.

भाची : तो बघतोच आहे. हमाल दिवसभर पाठीवर पोती वाहतो, म्हणजे कष्ट करत नाही असं नाही. पण खोलीसाठी डिपॉझिट लागतं, आधार कार्ड लागतं, ओळखीचा माणूस लागतो. आधारला पत्ता लागतो, आणि पत्ता मिळायला खोली लागते. पंतप्रधान आवास योजनेचं अनुदान घ्यायला आधी जागा किंवा कर्ज मिळण्याइतकी ऐपत लागते. ज्याच्याकडे काहीच नाही तो पहिल्याच पायरीवर अडतो. त्याला हवी पहिली पायरी : झोपायला सुरक्षित जागा, सामान ठेवायला कुलपाची पेटी, अंघोळीला पाणी आणि कागदावर लिहायला एक पत्ता.

मामा : म्हणजे घर नाही, निवारा.

भाची : सुरुवात निवाऱ्यानं. मग कमाईच्या प्रमाणात भाडं घेऊन एक खोली. काम टिकलं तर पुढं स्वतःचं घर. फिनलंडनं २००८ पासून उलट वाट धरली. आधी घर, मग व्यसनमुक्ती आणि नोकरी. तिथं बेघरांची संख्या खरोखर घटली. आपल्या महापालिकांच्या तिजोरीत तेवढी ताकद आज नाही, हे मी मान्य करते. पण त्यांचा एक धडा घेता येतो : आधी सुधर, मग छप्पर देतो, असं म्हणू नये. रोज रात्री कुत्र्यांपासून, पोलिसांपासून आणि चोरांपासून स्वतःला सांभाळणारा माणूस व्यसन सोडणार कसा?

मामा : आता पैशावर ये. तिथं तू गप्प होशील.

भाची : बघूया. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान २०१३ मध्ये आलं. त्यात शहरी बेघरांसाठी निवाऱ्याची तरतूद होती. एक लाख वस्तीमागे एक निवारा, शंभर माणसांचा, माणशी पन्नास चौरस फूट जागा, चोवीस तास उघडा. २०११ ला नगर शहराची लोकसंख्या साडेतीन लाख होती. म्हणजे किमान तीन निवारे हवेत. चालवण्यासाठी एका निवाऱ्याला वर्षाला सहा लाख रुपये.

मामा : थांब, हिशोब मला करू दे, धंदा त्यावरच चालतो. सहा लाख भागिले शंभर, सहा हजार. भागिले तीनशे पासष्ट... सोळा रुपये आणि काही पैसे. एका माणसाचा दिवसाचा खर्च सोळा रुपये? यात वॉचमनचा पगार, लाइट बिल, सफाई, पांघरुणं? अगं, सोळा रुपयांत कोण चालवणार! पहिल्या महिन्यात उद्घाटन, सहाव्या महिन्यात नळाला पाणी नाही, दुसऱ्या वर्षी कुलूप. मग तू म्हणणार निवारा दिला आणि मी म्हणणार पैसे वाया गेले.

भाची : तुम्ही बरोबर बोललात. मला हे खोडून काढायचं नाही, उलट माझी मागणी यातूनच येते. सोळा रुपयांत निवारा चालत नाही. म्हणून महापालिकेच्या अर्थसंकल्पात त्यासाठी वेगळं शीर्ष हवं आणि दरवर्षी वाढणारी रक्कम हवी. तिप्पट धरा, पन्नास रुपये माणशी. तीनशे माणसांचे वर्षाचे किती?

मामा : पंचावन्न लाखांच्या आसपास.

भाची : साडेतीन लाखांच्या शहराला माणशी वर्षाला सोळा रुपयेसुद्धा पडत नाहीत. तुमच्या घरपट्टीतला हा वाटा एका चहाच्या आसपासचा आहे. तो चहा तुम्ही ओट्यावरच्या माणसाला आताही पाजताच.

मामा : आकडा छोटा आहे, कबूल. पण तो योग्य जागी जाईल याची हमी कोण देणार?

भाची : तुम्ही. व्यापारी संघटनेतला एक माणूस, एक डॉक्टर, एक वकील, चालवणाऱ्या संस्थेचा एक प्रतिनिधी आणि निवाऱ्यात राहणारी दोन माणसं, अशी समिती करा. दर महिन्याचा खर्च आणि राहणाऱ्यांची संख्या दारावरच्या फलकावर लावा. कापड बाजाराइतका कडक हिशोब या शहरात दुसरीकडे कुठं होतो?

मामा : आणि जागा कुठं? सावेडीत सोसायटीशेजारी म्हणालीस तर लोक मोर्चा काढतील. मीही कदाचित जाईन त्यात.

भाची : जागा लोक झोपतात तिथंच हवी. माळीवाडा बसस्थानकाजवळ, रेल्वे स्टेशनकडे, जिल्हा रुग्णालयाच्या जवळ. गावाबाहेर पाच किलोमीटरवर बांधला तर हमाल पहाटे मार्केट यार्डात पोचणार कसा? लांब बांधलेले निवारे रिकामे राहतात आणि मग आपण म्हणतो, बघा, यांना नकोच आहे. बायकांचा निवारा वेगळा, कुटुंबांना वेगळी खोली. आणि तुमच्या ओट्याचं सांगते : निवारा झाला तर तो स्वच्छ राहील. माणूस हौसेनं दगडावर झोपत नाही. नगरची डिसेंबरातली थंडी तुम्हाला ठाऊक आहे. राज्यातल्या सर्वांत कमी तापमानांत आपलं नाव वारंवार येतं.

मामा : एक शेवटचं विचारतो. सगळे अहिल्यादेवींचं नाव घेतात. चौंडीची लेक, देशभर धर्मशाळा, घाट, विहिरी बांधल्या. पण त्यांनी हा खर्च खासगीतून केला, दौलतीच्या तिजोरीतून नाही. हा फरक मोठा आहे. दानधर्म स्वतःच्या पैशातून करावा, लोकांच्या करातून नाही.

भाची : चांगला मुद्दा आहे. पण ती खासगी काय होती? पेशव्यांनी १७३४ मध्ये त्यांच्या सासू गौतमाबाई होळकरांच्या नावे दिलेली जहागीर. तिचं उत्पन्न गावांच्या महसुलातून येई, म्हणजे शेवटी रयतेच्या घामातूनच. अहिल्यादेवींना तो पैसा स्वतःच्या चैनीवर उधळता आला असता. त्यांनी तो अनोळखी वाटसरूंच्या छपरावर घातला, तेही स्वतःच्या राज्याबाहेर. काशीचा, गयेचा वाटसरू त्यांना कर देत नव्हता, मामा. ज्या जिल्ह्याला त्यांचं नाव दिलं, त्या जिल्ह्यात निदान आपल्या गावच्या वाटसरूला रात्रीचा आसरा मिळावा, ही अपेक्षा जास्त आहे का? गाडगेबाबांनी जागोजागी धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या दशसूत्रीत बेघरांना आसरा हे एक सूत्रच आहे.

मामा : जास्त नाही. पण माझ्या तीन अटी लिहून घे. फुकट कायमचं नको, कमावता माणूस थोडं का होईना भाडं देईल. हिशोब उघडा. आणि निवारा चालवणारी संस्था दरवर्षी तपासली जाईल.

भाची : माझ्याही तीन लिहा. कोणालाही पकडून आणायचं नाही. आजारी माणूस आधी डॉक्टरकडे जाईल. आणि कागदपत्रं नाहीत म्हणून कोणाला दारातून परत पाठवायचं नाही.

मामा : या सहाही एका कागदावर मावतात की.

संवाद इथे थांबवतो आणि माझे मत सांगतो. मामांचे प्रश्न टाळून निवारा उभा राहणार नाही. सोळा रुपयांचा हिशोब, ओस पडणाऱ्या इमारती आणि शेजाऱ्यांची भीती खरी आहे. पण या प्रश्नांचे उत्तर निवारा न देणे हे नाही. माणसे रस्त्यावर असतात तेव्हाही शहर त्यांच्यावर खर्च करतेच : पोलिसांच्या गाडीवर, भिक्षेकरी गृहावर, रुग्णालयातल्या खाटेवर आणि शेवटी बेवारस मृतदेहाच्या पंचनाम्यावर. त्याच पैशातून सन्मानाने जगवता येत असेल, तर शहराने निवारा द्यायलाच हवा. तो उपकार म्हणून नव्हे, रस्ते आणि पाणी देते तसा द्यायला हवा. सुरुवात छोटी चालेल : आधी बायका, म्हातारी माणसे आणि आजारी यांच्यासाठी, मग काम करणाऱ्यांसाठी. मात्र धरपकडीने सुरुवात कधीच होऊ नये.

पुढची जनगणना २०२७ मध्ये आहे. तिची वाट न पाहता या डिसेंबरातल्या एखाद्या रात्री महाविद्यालयीन मुलांनी, व्यापाऱ्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून नगरमध्ये माळीवाड्यापासून स्टेशनपर्यंत आणि शिर्डीत मंदिर परिसरात बेघरांची मोजणी करावी. माणसांची नावे विचारावीत, तब्येत विचारावी, कुठे काम करता हे विचारावे. ती यादी घेऊन आपापल्या नगरसेवकाकडे जावे आणि एकच प्रश्न विचारावा : या माणसांसाठी यंदाच्या अर्थसंकल्पात किती रुपये धरले आहेत? उत्तर शून्य आले, तर ते बदलेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारत राहावे.